दुसरी कुंबा

सोकोन, १७ नोव्हेंबर १९९६

कुंबा,

तू उत्तर देत नाहीस हे मला ठाऊक आहे. तरी लिहितेय, कारण ही बातमी बिनेताच्या पुतण्याकडून कळण्याआधी तुला माझ्याकडून कळावी. तो तिकडे समुद्रापार तुमच्या लीलमध्येच हॉटेलात भांडी घासतो, आणि आपल्या शेजारच्या बिनेताच्या तोंडातलं सगळं आठवड्याभरात त्याच्या कानात पोचतं.

तुझ्या खोलीत आता एक तुबाब मुलगी राहते, गोरी, परदेशी.

रागावण्याआधी पुढचं वाच. मागच्या सोमवारी संस्थेची माणसं पांढरी गाडी घेऊन दारात उभी राहिली. बेल्जियमची पोर, स्वयंसेविका, वर्षभर आपल्या प्रसूतिगृहात बाळांची वजनं करणार, आयांना चार गोष्टी सांगणार. ज्या घरात रिकामी खोली असेल त्या घरात तिला ठेवायचं. आता गावात रिकामी खोली कुणाकडे आहे? सगळीकडे माणसं एकमेकांच्या पायावर पाय देऊन झोपतात. फक्त आपल्याच घरात एक खोली नऊ वर्षं कुलूप लावून बसलेली. मला वाटलं आई त्यांना हाकलून देईल. आईने कमरेच्या गाठीतून किल्ली काढली आणि स्वतः जाऊन दार उघडलं. किल्ली गाठीत आहे हेदेखील मला माहीत नव्हतं.

पोरीचं नाव लीस्बेट. आईला ते जिभेवर धरता येईना. म्हणाली, ‘‘हे नाव आहे की दात पडल्यावर निघणारा आवाज?’’ मग नवं नाव ठेवायचं ठरलं. बिनेता म्हणाली, ‘‘फातू ठेवा. सगळ्या तुबाब पोरींना फातूच ठेवतात, लक्षात राहायला सोपं.’’ संस्थेचा ड्रायव्हर म्हणाला आमिनाता ठेवा, त्याच्या बायकोचं आहे. आई बाजरी निवडत होती. तिने मान वर केली नाही. म्हणाली, ‘‘कुंबा.’’

मी चहा ओतत होते, तो अर्धा विस्तवावर गेला. ड्रायव्हर बिचारा बाहेरगावचा, तो टाळ्या वाजवत म्हणाला, ‘‘वा, छान नाव!’’ पोरगी तोंडातल्या तोंडात घोकायला लागली. कुंबा, कुंबा, कुंबा.

तू मालिकशी लग्न केलंस, तो लोहाराच्या घरातला, एवढ्या एका गोष्टीवरून ज्या बाईने नऊ वर्षांत तुझं नाव तोंडातून काढलं नाही, तिने ते एका अनोळखी मुलीच्या हातावर ठेवलं. सांत्वन कसं करतात ते मला येत नाही. मी फक्त सांगितलं.

तुझी खाट तीच आहे. मच्छरदाणी नवी घेतली.

न्देला

सोकोन, २६ जानेवारी १९९७

कुंबा,

तुझं पाकीट दिसलं म्हणून हरखले, आणि आत चार ओळी! ‘खोली दिली, नावही दिलं. आता मी आहे तरी कुठे? मला काही कळवू नकोस.’ बरं, कळवत नाही. मी नुसतंच लिहितेय, तू नुसतंच वाच.

रमजान चालू आहे, त्यामुळे दुपारी कुणी कपडे शिवायला टाकत नाही आणि माझी मशीन झोपलेली असते. ईदच्या आधीच्या आठवड्यात सगळ्या एकदम येतील आणि माझा जीव खातील. इबू गाडी घेऊन दाकारला गेलाय, म्हणजे नवऱ्याचीही कटकट नाही. तेव्हा तुझ्या नावाच्या मुलीबद्दल लिहायला मला वेळच वेळ आहे.

ती सकाळी पळते. कुठे जायचं नसतं, काही आणायचं नसतं, नुसती पळते, बाजारापर्यंत आणि परत. पहिल्या दिवशी बिनेता हातातला झाडू टाकून रस्त्यात उभी राहिली. ‘‘काय गं, कुत्रं मागे लागलं की नवरा?’’ पोर म्हणाली, ‘‘कुणी नाही, तब्येतीसाठी.’’ बिनेता म्हणाली, ‘‘तब्येत पुढे पळतेय वाटतं.’’ आता तिला पळताना पाहिलं की अख्खी गल्ली ओरडते, ‘‘कुंबा, सापडली का तब्येत?’’

दुपारी ती खोलीचं दार लावून बसते. आई पहिल्यांदा घाबरलीच. ‘‘ताप आहे का तिला? घरून काही वाईट कळलंय का?’’ मला बघायला पाठवलं. ती खाटेवर पुस्तक वाचत होती. म्हणाली, ‘‘न्देलाताई, मला थोडा वेळ एकटं राहायचंय.’’ मी आईला तसंच सांगितलं. आईचा चेहरा पडला. ‘‘एकटं? आपण तिचं काय वाईट केलं?’’ आणि तिने बिनेताला तिच्याजवळ बसायला धाडलं. बिनेता खाटेच्या कडेवर बसली आणि पाच मिनिटांत घोरायला लागली. पोर बाहेर आली आणि अंगणात येऊन आईजवळ टेकली. आई म्हणाली, ‘‘आता बरं वाटतंय ना?’’

प्रसूतिगृहात तर तिने पहिल्याच आठवड्यात गोंधळ घातला. कडुनिंबाच्या फांदीला काटा टांगून बाळांची वजनं करायची. एका बाळाला झोळीत ठेवलं आणि म्हणाली, ‘‘किती गुटगुटीत, किती सुंदर!’’ त्या आईने बाळ ओढून घेतलं आणि निघून गेली. मागच्या दोघीही गेल्या. संध्याकाळी ती रडत घरी आली. आईने तिला समोर बसवलं. ‘‘बाळ बघितलं की म्हणायचं, अगं बाई, किती कुरूप, कुणी उचललं हे उकिरड्यावरून? मग नजर लागत नाही आणि आईचा जीव भांड्यात पडतो.’’ आता ती प्रत्येक बाळाला कुरूप म्हणते, आणि इतक्या मनापासून म्हणते की बायका मुद्दाम तिच्या वाराला येतात.

माशांचं सांगते. तुला आठवतं, ताटात मासा फुटला की त्याचा गाल आई कुणाकडे सरकवायची? मी थोरली असून मला कधी मिळाला नाही. तू गेल्यावर तो गाल मधेच पडून राहायचा. मीही उचलत नसे, आईही नाही, शेवटी मांजर न्यायचं. आता तो या पोरीकडे जातो. तिला त्याची किंमत नाही, ती काटे समजून बाजूला काढते. आई पुन्हा तिच्या घासाखाली सरकवते.

आणि हाका. दिवसभर. ‘‘कुंबा, उन्हातून सर! कुंबा, डोकं झाक! कुंबा, पाणी उकळलं का?’’ पहिला महिना मला ते ऐकवेना. मशीनवर बसले की मी मुद्दाम पाय जोरात मारायची. मग एक दिवस माझ्या लक्षात आलं. आईला काही काम नसतं, तरी ती हाक मारते. पोर धावत येते, ‘‘काय आई?’’ आई तिच्याकडे बघते आणि म्हणते, ‘‘काही नाही. जा.’’

तू म्हणतेस नाव दिलं. मला वाटतं तिला ते घ्यायचं होतं. स्वतःच्या अंगणात, मोठ्याने, लोकांदेखत घ्यायचं होतं आणि मान खाली घालायची नव्हती. त्यासाठी तिला एक मुलगी हवी होती, जिला त्या नावाचा इतिहास माहीत नाही. मलाही आधी तुझ्यासारखाच राग आला होता. आता येत नाही. आता हाक ऐकली की मी मशीन थांबवते.

तू कळवू नकोस म्हणालीस, म्हणून इथेच थांबते.

न्देला

सोकोन, ८ जून १९९७

कुंबा,

हे पत्र बसून वाच. कुणी गेलेलं नाही, आधीच सांगते. उलट तेच सांगायचंय.

लीस्बेटला आम्ही कुणीच तुझ्याबद्दल सांगितलं नव्हतं. कोण सांगणार? आईसमोर नाव काढायचं नाही, हे आता गल्लीतल्या कोंबड्यांनाही माहीत आहे. पण पोर आंधळी नाही. खोलीत तुझ्या उंचीच्या खुणा भिंतीवर तशाच आहेत. तुझी शाळेची पेटी आहे. नळावर बायका तिला बघून म्हणतात, ‘‘ही कुंबासुद्धा त्या कुंबासारखीच हट्टी,’’ आणि मग एकमेकींकडे बघून गप्प होतात. तिने एकदा मला विचारलं होतं, ‘‘माझ्या आधी या खोलीत कोण होतं?’’ मी म्हणाले, ‘‘दोरा आण गं तो.’’ तिने पुन्हा विचारलं नाही. या सगळ्याचा तिने काय अर्थ लावला, हे आम्हाला शुक्रवारी कळलं.

त्याआधी समोरचे म्हातारे सारकाका वारले. मी तिला घेऊन गेले होते. घरी बसवून शिकवलं, की साखरेची पुडी न्यायची, खाली वाकायचं, दोन्ही हातांनी हात धरायचा, डोळ्यांत बघायचं नाही, आणि काय म्हणायचं. मला वाटलं, पोर किती मनापासून शिकतेय.

शुक्रवारी दुपारी आम्ही सगळ्या झाडाखाली बसून पेरणीसाठी शेंगा फोडत होतो. आई, मी, बिनेता आणि आणखी चार-पाच जणी. लीस्बेट खोलीतून बाहेर आली. मी शिवून दिलेला पांढरा पायघोळ बुबू घातलेला, डोक्याला पांढरा रुमाल, हातात साखरेची पुडी. बिनेता म्हणाली, ‘‘आज कुणाचं लग्न लावतेस गं?’’ ती हसली नाही. सरळ आईसमोर आली, गुडघ्यांवर बसली, आईचा हात दोन्ही हातांत घेतला.

‘‘आई, मला आधी कळलं नाही, माफ करा. कुंबा तुमची होती. अल्ला तिला जवळ करो, तिची माती थंड ठेवो आणि तुम्हाला धीर देवो.’’

एरवी दर वाक्यात अडखळणारी पोर, त्या दिवशी एक शब्द चुकली नाही.

आईच्या दुसऱ्या हातात शेंग होती, ती तशीच राहिली. ‘‘कोण मेलं?’’

‘‘कुंबा. तुमची मुलगी.’’

आई उठली. गुडघेदुखीने जी दोघींचा आधार घेऊन उठते, ती एका झटक्यात उठली, सूप लाथेने उडालं आणि शेंगा सगळ्या अंगणात गेल्या. ‘‘तुझ्या जिभेला काय झालं गं? माझी मुलगी जिवंत आहे! लीलमध्ये आहे! नवरा आहे, दोन मुलगे आहेत, धाकट्याचा कान थंडीत वाहतो! कोण म्हणतं मेली? कुणी सांगितलं तुला?’’

कुंबा, धाकट्याच्या कानाचं मी तिला कधीच सांगितलं नव्हतं. मलाही ते माहीत नव्हतं. मी बिनेताकडे बघितलं. बिनेता मातीतली एकेक शेंग उचलून फुंकत होती, जणू त्यात सोनं आहे. म्हणजे इतकी वर्षं पुतण्याकडून आलेलं सगळं ती आईला पोचवत होती, आणि आई ऐकत होती, आणि मी मूर्खासारखी दोघींसमोर तोंड शिवून बसले होते.

आणि ती ‘नवरा आहे’ म्हणाली. मालिकला ती कधी ‘तो’सुद्धा म्हणत नव्हती. रागाच्या भरात म्हणाली खरं, पण सगळ्यांनी ऐकलं.

मग आईला त्या शब्दांची भीती वाटली. जिवंत माणसाचं सांत्वन घेतलं, आता त्याच्यावर संकट येणार. ते टळायला दान हवं, म्हणून लगेच मला बाजारात पिटाळलं. दूध, साखर, कोलाच्या बिया, पांढरं कापड. ऊन डोक्यावर, आणि ही स्वतः मशिदीच्या भिंतीशी बसणाऱ्या म्हाताऱ्यांना वाटायला निघाली. मी टोपली धरून मागे. प्रत्येकीच्या हातावर ठेवताना म्हणत होती, ‘‘कुंबाच्या आयुष्यासाठी. माझ्या कुंबाच्या.’’ एक म्हातारी बहिरी. तिने विचारलं, ‘‘कुणाच्या?’’ आई ओरडून म्हणाली, ‘‘माझ्या मुलीच्या!’’ रस्त्यापलीकडच्या दुकानातले पुरुष बाहेर येऊन बघायला लागले.

घरी लीस्बेट पायरीवर बसून हमसून हमसून रडत होती. मी तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, ‘‘पण ताई, जिवंत आहे तर तिच्याबद्दल कुणी बोलत का नाही? आमच्याकडे मेलेल्या माणसाबद्दलही इतकं गप्प बसत नाहीत.’’ याचं उत्तर तुला सुचलं तर मला लिही.

संध्याकाळी आई म्हणाली, ‘‘न्देला, तिला कळवायचं नाही.’’

‘‘कुणाला?’’

‘‘तुला ठाऊक आहे कुणाला.’’

मी मान हलवली. म्हणूनच आज लिहायला बसले. ये गं. एकदा येऊन जा.

न्देला

सोकोन, १४ सप्टेंबर १९९७

कुंबा,

तीन पानी पत्र! मी ते इबूलाही वाचून दाखवलं, तो गाडी चालवताना डोळे पुसत नाही म्हणतो पण त्या दिवशी पुसले. तू विचारतेस तिचे नक्की शब्द काय होते. नक्की तेच होते, जे लिहिले. मी तुझ्यासारखी कविता करणारी नाही.

पण शेवटची अट वाचून मी डोक्याला हात लावला. ‘आईने स्वतः बोलावलं तरच येईन. तुझ्या तोंडून नको, बिनेताच्या तर नकोच.’ तुझं चुकलं असं मी म्हणत नाही. तुला तिने तोडलं, तेव्हा जोडायचं पाऊल तिचंच. पण इथे काय चाललंय तेही ऐक.

त्या शुक्रवारनंतर आईने लीस्बेटला कुंबा म्हणणं सोडलं. ‘ए पोरी’ म्हणते. पाऊस लागला, अंगणात चिखल, सगळे घरात कोंडलेले, आणि घर पुन्हा पूर्वीसारखं मुकं. पोर वाळत चालली. शेवटी तिने विचारलंच, मी शेजारी बसून बटणं लावत होते.

‘‘आई, माझं नाव काढून का घेतलंत?’’

‘‘काढून नाही घेतलं. उसनं दिलं होतं. जिचं आहे ती जिवंत आहे, आणि मी तिला विचारलं नव्हतं.’’

‘‘मग विचारा ना.’’

‘‘कोणत्या तोंडाने?’’

लीस्बेट हट्टी आहे, नळावरच्या बायका खोटं नाही बोलत. दुसऱ्या दिवशी ती आईला टेलिफोनच्या दुकानात घेऊन गेली. बिनेताने पुतण्याकडून तुझा नंबर आणून ठेवलाच होता. आई काचेच्या खोलीत शिरली, रिसीव्हर कानाला लावला. पोर नंबर फिरवणार इतक्यात आईने तिचा हात धरला. मग बाहेर आली आणि म्हणाली, ‘‘आत फार उकडतं.’’

वाटेत ती पोरीला म्हणाली (हे मला पोरीने सांगितलं), ‘‘ज्या मुलाला मी उंबऱ्याच्या आत येऊ दिलं नाही, त्याच्या घरात माझा आवाज कसा वाजवू? आणि मी आई आहे. मी हाक मारली आणि ती आली नाही, तर मग माझ्याकडे हाकसुद्धा उरणार नाही.’’

आता सांग, मी काय करू? एक म्हणते बोलाव, दुसरी म्हणते बोलावून ती नाही आली तर. दोघी एकाच उखळात कांडलेल्या. मला दोघींच्या मधे पोस्टाचं तिकीट करून ठेवलंय, आणि वर दोघी म्हणतात, तुझ्या तोंडून नको! माझ्या तोंडाचं काय वाईट आहे?

रागावलेय मी. थोडी तुझ्यावर, जास्त तिच्यावर.

न्देला

सोकोन, १४ डिसेंबर १९९७

कुंबा,

लीस्बेट काल गेली. इबू हे पत्र दाकारला विमानाच्या पोस्टात टाकणार आहे, म्हणजे ते तुला तिच्याआधी मिळेल. मिळायलाच हवं, नाहीतर दार उघडून तू तिच्यावर ओरडशील.

आदल्या दिवशी प्रसूतिगृहातल्या आयांनी तिला निरोप दिला. तिच्यासमोर बाळं धरून सगळ्या जणी म्हणत होत्या, ‘‘जा बाई एकदाची, किती कुरूप आहेस!’’ ती हसत होती आणि नाक पुसत होती. बिनेताने तिला पळायला म्हणून जुन्या टायरच्या वहाणा दिल्या.

काल सकाळी मी आणि इबू तिला गाड्यांच्या अड्ड्यावर सोडायला निघालो. आई घरूनच निरोप देईल असं मी धरून चालले होते. कुणाला पोचवायला ती कधी दारापलीकडे जात नाही. पण ती खोलीतून आली तर निळा बुबू घातलेला, कानात सोन्याच्या रिंगा, ईदला घालते त्या. म्हणाली, ‘‘चला, गाडी काय माझ्यासाठी थांबणार आहे?’’ वाटेत सगळे आईला विचारत होते, सिराबाई, कुठे निघालात? ती कुणाला उत्तर देत नव्हती. नमस्कारांचीही उत्तरं तोडकी देत होती, म्हणजे बघ.

अड्ड्यावर सामान टपावर चढलं. पोर आईसमोर उभी राहिली आणि तिने हात पुढे केला. आईने डावा हात दिला.

लीस्बेट चपापली. वर्षभर आम्ही तिला शिकवलं होतं, की डाव्या हाताने कुणाला काही द्यायचं नाही, डावा पुढे करणं म्हणजे अपमान. तिचे डोळे भरले. तिला वाटलं अजून त्या शुक्रवारचा राग आहे. मग मी तिला सांगितलं, की लांब जाणाऱ्याला, जो परत यावा असं वाटतं त्यालाच हा हात देतात. उजवा दिला की सगळं रीतसर झालं, संपलं. डावा ही चूक आहे, मुद्दाम केलेली. ती चूक उजव्या हाताने दुरुस्त करायला त्या माणसाला यावंच लागतं.

तुला हे सांगायची गरज नाही. तू जाताना आईने तुला उजवा हात दिला होता. पाहुण्याला देतात तसा, सरळ, नीट. तू तो हात बघितलास आणि मग माझ्याकडे बघितलंस. नऊ नाही, आता दहा वर्षं झाली, आपण दोघींनी त्याबद्दल एक अक्षर लिहिलेलं नाही. मी त्या क्षणी काही बोलायला हवं होतं की नाही, मला अजून कळत नाही. तू लग्नामुळे परत येत नाहीस असं लोक म्हणतात. तू त्या हातामुळे येत नाहीस, हे मला माहीत आहे.

काल लीस्बेटला समजलं तशी ती आईचा डावा हात घट्ट धरून म्हणाली, ‘‘येईन आई, नक्की येईन.’’

आई म्हणाली, ‘‘तू ये नाहीतर नको येऊ. तुला तुझी आई आहे. हा तुझा नाही.’’

‘‘मग?’’

‘‘तुझ्या गावाहून लील किती लांब?’’

‘‘गाडीने तासभर.’’

‘‘मग घेऊन जा. जिचं नाव तू वर्षभर वापरलंस तिला दे. असाच दे, डावा. आणि म्हण, हा माझा नाही.’’

ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. इबूने त्याला अशी शिवी दिली की तो गप्प झाला. मी रडत होते, लाज सोडून. लीस्बेटने विचारलं, ‘‘आणखी काही सांगू?’’ आई म्हणाली, ‘‘एवढं पुरे. तिला कळतं.’’

मग पोरीने स्वतःच्या हाताकडे बघून विचारलं, ‘‘मग मला?’’ आई हसली गं. पुढचा एक दात पडलाय, तुला माहीत नसेल. तिने पोरीचा दुसरा हात ओढला, तोही डाव्याने धरला आणि म्हणाली, ‘‘हा तुझा. हावरी कुठली, कुंबा.’’

गाडी निघून गेल्यावर मी आईला विचारलं. तूही हेच विचारशील म्हणून विचारलं. ‘‘बोलावणं तिला एकटीला की मालिकलाही?’’

ती धुळीकडे बघत होती. म्हणाली, ‘‘मी एक हात दिलाय. त्याला धरून आणखी कोण कोण येतं, ते मी दारात उभी राहून तपासणार नाही.’’

याहून जास्त तिच्याकडून मिळणार नाही, कुंबा. मागू नकोस.

लीस्बेट नाताळ घरी करेल आणि मग तुझ्याकडे येईल. उंच आहे, नाकावर ऊन लागून सोलल्याच्या खुणा आहेत, आपली भाषा आपल्यासारखीच बोलते. ती दारात डावा हात पुढे करेल. तू उजवा देऊ नकोस. तो आईला द्यायला घेऊन इकडे ये.

न्देला